भाची म्हणते, नेटबॉल खेळूनच पोट भरीन. हे खरंच होते काय?

ज्वारीचं_कणीस (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी एरवी इथं शेती विभागात बोंडअळी अन् खताच्या लिंकिंगवर भांडत असतो. क्रीडा विभागात पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

ताई दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात दिली आहे. सहा एकर कोरडवाहू, कापूस-तूर. तिची धाकटी यंदा दहावीत. आठवीपासून शाळेच्या संघातून नेटबॉल खेळते. औंदा त्यांची शाळा यवतमाळला जिल्ह्यात पहिली आली आणि अमरावतीला विभागावर पहिल्याच सामन्यात हरली. रडत येईल असं वाटलं होतं. ही आली ती डोळे चमकवत. तिथं दुसऱ्या संघातल्या एका मुलीनं तिला मोबाइलवर ऑस्ट्रेलियाच्या लीगचे सामने दाखवले. तेव्हापासून एकच धोशा: "मामा, तितं ह्या खेळाचा पगार भेटते. मीही जाईन."

आमच्या भाटव्यांचं (ताईच्या नवऱ्याचं) वाक्य ठरलेलं आहे, "बॉल फेकून पोट भरते काय?" त्यांचंही चूक म्हणता येत नाही. वेचणीला बाया मिळत नाहीत आणि घरची पोरगी शाळा सुटल्यावर दोन तास मैदानावर. मानव विकासची (शाळेच्या मुलींसाठीची) बस निघून जाते, मग हिला आणायला कोणीतरी मोटारसायकल काढायची. परवा जेवताना ताट सरकवण्यापर्यंत गेलं. ताईचा फोन आला, "तू शिकला-सवरला हायेस, काय खरं काय खोटं तूच सांग तिले."

मी शिकलो बी.एस्सी. अ‍ॅग्री. मला नेटबॉलमधलं काय कळतं! म्हणून विचारतो. परदेशात हा खेळ खरंच पगारी आहे का? किती वर्षं चालतो? आपल्याकडून कोणी तिथवर गेलं आहे का? पोरीला खोटी आशा लावायची नाही अन् उगाच पायही ओढायचा नाही.

टिनपत्र्याखाली | सोमवार, रात्री ९.५८

भाऊ, पहिले मले हे सांगा, नेटबॉल म्हंजे व्हॉलीबॉलचाच चुलतभाऊ काय? नेट कोनत्या बाजूनं बांधते?

पीटी_मास्तर | सोमवार, रात्री १०.३०

टिनपत्र्याभाऊ, नेट फक्त रिंगला लोंबकळते तेवढीच. दोन टोकांना दहा फुटी खांब (नेमकं सांगायचं तर ३.०५ मीटर), वर रिंग, मागं फळी नाही. बास्केटबॉलची बहीण म्हणा. जेम्स नेस्मिथनं १८९१ साली अमेरिकेत बास्केटबॉल काढला, तो काही वर्षांत इंग्लंडातल्या मुलींच्या व्यायाम महाविद्यालयात पोचला आणि तिथं त्याचं रूप बदललं. चेंडू टप्पे देत पळवायचा नाही. हातात आला की तीन सेकंदांत सोडायचा. समोरच्या मुलीनं तीन फूट लांब उभं राहूनच अडवायचं. १९६० मध्ये सिलोनात निरनिराळ्या देशांचे लोक बसले आणि नियम एक केले. म्हणजे आपल्या शेजारीच.

विदर्भातल्या माणसाला हा खेळ समजवायचा सोपा मार्ग म्हणजे आट्यापाट्या. पाटीवरच्या गड्याला आपली पाटी सोडता येत नाही, तसंच इथं. मैदानाचे तीन भाग, सात खेळाडू, प्रत्येकीच्या अंगावर अक्षरांची बिब आणि त्या अक्षरांनुसार तिची हद्द. गोल करायचा हक्क फक्त दोघींना, गोल शूटर आणि गोल अटॅक, तोही अर्धवर्तुळाच्या आतूनच. सेंटर सगळीकडे पळते पण दोन्ही अर्धवर्तुळांत तिला मज्जाव. गोल कीपरनं आपला तिसरा हिस्सा सोडला की शिट्टी. पंधरा मिनिटांचे चार डाव, त्यात सेंटरचा जीव निघतो.

माझ्या शाळेत मी आठ वर्षं हा खेळ घेतोय. आमच्याकडं पोट्टेही खेळतात, पण जगात हा मुख्यतः बायकांचा खेळ आहे, आणि बायकांचा म्हणूनच मोठा झालेल्या मोजक्या खेळांपैकी आहे.

ज्वारीभाऊ, भाची कोणत्या जागेवर खेळते? उंची किती? बाकीचं त्यावरून बोलतो.

ज्वारीचं_कणीस | सोमवार, रात्री १०.४४

विचारून सांगतो सर. उंच आहे एवढं नक्की. ताईच्या घरात मांडणीवरचा डबा काढायला तिलाच हाक मारतात.

कधीकाळी_आर्वी | मंगळवार, पहाटे ४.१५

(वेळ बघून घाबरू नका, इथं मेलबर्नमध्ये सकाळ आहे.)

मी मूळची आर्वीची, चौदा वर्षं इथं आहे. माझी मुलगी सात वर्षांची असल्यापासून शनिवारी नेटबॉल खेळते. इथं लहान मुलींसाठी नेटसेटगो नावाचा कार्यक्रम असतो, त्यात अर्धी गल्ली असते. पहिल्या सामन्याला मला सगळ्यात गंमत वाटली ती पंच मुलींची नखं तपासत होती तेव्हा. वाढलेली नखं चालत नाहीत, हातात-कानात काही चालत नाही. माझ्या आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "माय वं, पोरीचे हात भुंडे काऊन?"

तर पगाराचं. हो, आहे. ऑस्ट्रेलियात सुपर नेटबॉल ही लीग २०१७ पासून चालते, आठ संघ, प्रत्येकी दहा करारबद्ध खेळाडू. न्यूझीलंडमध्ये एएनझेड प्रीमियरशिप, सहा संघ. इंग्लंडची सुपरलीग २०२५ मध्ये नव्यानं आठ संघांची झाली, तिथंही आता व्यावसायिकपणा येतोय. पूर्ण जगात नेटबॉलवर पगार घेणाऱ्या जागा माझ्या हिशेबानं दोनशे-अडीचशे. हा आकडा भाचीला मुद्दाम सांगा. त्यातल्या बहुतेक जागा त्या त्या देशातल्या मुलीच घेतात. बाहेरून जी येते ती काहीतरी अफाट घेऊन येते.

अशा तिघींची नावं तिला शोधायला सांगा.

म्वाई कुमवेंडा, मलावीची. खेड्यातली पोर, अनवाणी खेळली, चेंडू प्लास्टिकच्या पिशव्यांचा. २०१५ च्या सिडनी विश्वचषकात स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. आधी न्यूझीलंडमध्ये खेळली, मग आमच्या मेलबर्न व्हिक्सन्सकडे आली, २०२० चं विजेतेपद जिंकणाऱ्या संघात होती. मी तिला स्टेडियममध्ये पाहिलंय. उंची ताडासारखी नाही, पण उडी अशी की चेंडू हातात आला कधी ते कळत नाही.

जनिएल फाउलर, जमैकाची. १.९८ मीटर. विशीच्या आत आई झाली, मुलगी घरी ठेवून परदेशात खेळायला गेली. पर्थच्या वेस्ट कोस्ट फीव्हरकडून तिनं लीगमधली सर्वोत्तम खेळाडूची बक्षिसं ओळीनं उचलली, २०२२ ला संघ विजेता.

आणि तिसरी आपल्याला सगळ्यात जवळची, तर्जिनी शिवलिंगम. श्रीलंकेची, जाफन्याकडची तमिळ. तिचं बालपण सगळं युद्धाच्या सावटात गेलं. उंची २.०८ मीटर. तिच्या जोरावर श्रीलंका २००९ आणि २०१८ मध्ये आशियाई विजेता झाला, मेलबर्नमधल्या क्लबकडूनही ती खेळली, आणि २०१९ च्या विश्वचषकात चाळिशीला टेकलेली असताना गोल करत होती. म्हणजे "आपल्या भागातल्या पोरींना जमत नाही" हे कारण चालणार नाही.

बावनथडी | मंगळवार, सकाळी ११.०५

आर्वीताई, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, पण ज्वारीभाऊंच्या भाटव्यांच्या बाजूनंही कोणीतरी बोललं पाहिजे. बोलतो.

२.०८ मीटर म्हणजे जवळजवळ सहा फूट दहा इंच. अशी पोरगी तुमसरपासून बुलढाण्यापर्यंत शोधून एक सापडेल का? उदाहरण द्यायचं तर सगळ्यांच्या मापाचं द्या.

दुसरं, ज्या देशात हा खेळ सगळ्यात मोठा, तिथंही पगाराचं रडगाणं आहेच. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूंचे करार सप्टेंबरअखेर संपले आणि पैशांवरून वाद लागून डिसेंबरपर्यंत त्या बिनकराराच्या बसल्या. विश्वविजेत्या बायका, हातात काम नाही! त्याच वर्षी कॉलिंगवूडसारख्या बड्या क्लबनं आपला नेटबॉल संघच बंद केला. त्या संघात इंग्लंडची जीवा मेंटर होती, जगातल्या नावाजलेल्या बचावपटूंपैकी एक. तिच्या पायाखालून क्लब जाऊ शकतो, तर आपली पोरगी कोण?

तिसरं, हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं १९९५ मध्ये मान्यता दिली, गाडी तिथंच उभी. आपल्याकडं सरकारी पैसा, प्रायोजक, वर्तमानपत्रातली जागा, सगळं ऑलिम्पिकच्या मागं धावतं. भारतातली सगळ्यात ओळखीची नेटबॉलपटू कोण? प्राची तेहलान. दिल्लीच्या २०१० राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून खेळली, संघाची कर्णधार झाली. आज लोक तिला ओळखतात ते अभिनयामुळं. यातच सगळं आलं.

नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, ओजस देवतळे २०२३ ला तिरंदाजीत जगज्जेता झाला. विदर्भाच्या पोरांमध्ये दम नाही असं माझं म्हणणं नाहीच. म्हणणं एवढंच की त्या खेळांना पुढं शिडी आहे. इथं खालच्या दोन पायऱ्या आहेत, वरच्या दोन आहेत आणि मधल्या गायब.

कधीकाळी_आर्वी | मंगळवार, दुपारी १२.२०

बावनथडीदादा, मधल्या पायऱ्यांचं मान्य. पण जीवा मेंटर अर्धीच सांगितलीत. ती इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळली २००१ मध्ये, सोळा वर्षांची असताना. शेवटची स्पर्धा २०२३ चा विश्वचषक. बावीस वर्षं झाली. मधे ऑस्ट्रेलियात चार क्लब, सनशाइन कोस्टची कर्णधार म्हणून २०१७ आणि २०१८ ची लागोपाठ विजेतेपदं, आणि २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्ण. तो गोल्ड कोस्टचा अंतिम सामना भाचीला जरूर दाखवा. शेवटच्या सेकंदाला हेलन हाउझबीचा गोल, इंग्लंड ५२, ऑस्ट्रेलिया ५१. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला हरवलं तेही ५२-५१! इथं आमच्या ऑफिसात आठवडाभर सुतक होतं.

आणि ज्या संघानं २०१८ ला सुवर्ण जिंकलं त्याची कर्णधार अमा अग्बेझे शिकलेली वकील. ऑस्ट्रेलियाची लिझ एलिस, १२२ आंतरराष्ट्रीय सामने, तीही वकील. मला वाटतं भाटव्यांना हेच सांगावं. नेटबॉलमध्ये वर गेलेल्या बायका पोटाची सोय बहुतेक दुसरीकडं करून ठेवतात, कारण हा खेळ क्रिकेटसारखा सात पिढ्यांचं देत नाही. एकाच शेतात कापूस अन् तूर का पेरता, त्यांना विचारा.

लग्न-बाळंतपणावरून कोणी बोलेलच म्हणून आधीच सांगते. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघटनेनं गरोदर खेळाडूंवर बंदी घातली होती. ट्रूडी गार्डनर नावाची खेळाडू त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि जिंकली. तिकडंही सगळं आयतं मिळालेलं नाही.

टिनपत्र्याखाली | मंगळवार, दुपारी १.०२

कापूस अन् तुरीचं उदाहरण लय भारी ताई. पण औंदा दोन्ही गेलं त्याचं काय करावं म्हन्ता?

वर्धेकाठी | मंगळवार, रात्री १०.१०

इतके दिवस नुसतं वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

मी स्वतः खेळलेली आहे. पुलगावजवळचं गाव, शाळेचा संघ, मग विभाग, मग राज्य, मग एकदा राष्ट्रीय शालेय. विंग डिफेन्स. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दोन मुलं आहेत. गुडघा पावसाळ्यात अजून दुखतो.

राष्ट्रीय स्पर्धेनंतर एका मोठ्या शहरात संघ निवडीचं शिबिर होतं. बाबांनी सोयाबीनचे दोन कट्टे विकून पैसे दिले. रेल्वेत जागा नाही, दारापाशी बसून गेलो. तिथं गेल्यावर सांगितलं की ट्रॅकसूटचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे. वर्गखोलीत सतरंजीवर झोपलो. चौथ्या दिवशी यादी लागली. तिच्यात दोन नावं अशी होती की ज्यांना आम्ही मैदानावर पाहिलंच नव्हतं. कोणती संघटना, कोण माणूस, ते लिहीत नाही, तो विषय मी बंद केला आहे. सहभागाचं प्रमाणपत्र मात्र दीड वर्षानं मिळालं, तेही बाबांनी तीन चकरा मारल्यावर. एका चकरेला तर साहेब दौऱ्यावर होते म्हणून बाबा बसस्टँडवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हे मला त्यांनी खूप वर्षांनी सांगितलं.

तरी एक सांगू? त्या शिबिरात हरयाणा, दिल्ली, केरळच्या मुलींबरोबर खेळले तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझा पास किती हळू आहे. आमच्याकडं आम्हाला हरवणारंच कोणी नव्हतं, कळणार कसं! ज्वारीदादा, तुमची भाची हरून चमकत आली ना, ते मला फार ओळखीचं वाटलं.

तिला बंद करू नका. पण पहिल्या शिबिराला एकटी पाठवू नका. तुम्ही स्वतः जा, पैशाची पावती मागा, निवडीचे निकष लेखी मागा. मामा सोबत असला की लोक जरा नीट बोलतात.

ज्वारीचं_कणीस | मंगळवार, रात्री १०.३८

वर्धेकाठीताई, दोनदा वाचलं. नक्की जाईन.

सर, माहिती काढली. उंची पाच फूट साडेसात इंच, अजून वाढते आहे असं ताई म्हणते (सलवार दर सहा महिन्यांनी आखूड होते). जागा गोल अटॅक, कधी कधी सेंटर. आणि दिवाळीपासून डावा गुडघा उडी मारून उतरल्यावर दुखतो, हे आईला सांगितलं नव्हतं, मला फोनवर सांगितलं. इथं कोणी डॉक्टर असेल तर बघा बरं.

फिजिओ_वऱ्हाड | बुधवार, सकाळी ८.२५

डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा पाहिल्याशिवाय निदान करणार नाही. यवतमाळ किंवा अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा मधेच दगा देत असेल तर आजच जा.

नेटबॉल आणि गुडघा यांचं वैर का, ते मात्र सांगतो, कारण हे खेळवणाऱ्या सरांनाही पुष्कळदा माहीत नसतं. या खेळात पळता पळता हवेत चेंडू घ्यायचा आणि जो पाय आधी टेकला तो उचलला तर चेंडू सुटेपर्यंत पुन्हा टेकवायचा नाही. म्हणजे भर वेगातली मुलगी दीड पावलात उभी राहते. सगळा धक्का गुडघ्यावर, आणि त्याच वेळी अंग वळवून पास द्यायचा. गुडघ्याच्या आतला लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, तो तुटायला याहून सोयीची परिस्थिती नाही. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त होतं. एकदा तुटला तर शस्त्रक्रिया आणि मैदानावर परत यायला नऊ महिने ते वर्ष. जगातल्या मोठमोठ्या नेटबॉलपटूंचं करिअर इथंच थांबलेलं आहे.

आपल्याकडं यात काळ्या मातीची भर. उन्हाळ्यात मैदानाला बोटभर रुंद भेगा, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. शक्य असेल तर मुरूम टाकून दाबलेल्या जागेवर खेळवा. सिमेंटच्या ओट्यावर उड्यांचा सराव नको. रोज पंधरा मिनिटं एवढंच करायचं: बैठका, एका पायावर तोल, छोट्या उडीवरून गुडघा वाकवून आवाज न करता उतरणं. उतरताना गुडघा आत वळतो का ते समोरून मोबाइलवर चित्रित करून बघा. आणि मांडीच्या मागच्या बाजूची ताकद वाढवा. हे चुकवून तीनशे वेळा रिंगमध्ये चेंडू टाकला तरी उपयोग नाही.

बूट मात्र घ्या. ट्रॅकसूट नंतर.

पीटी_मास्तर | बुधवार, दुपारी ४.५०

साहेब, कान पकडतो. गेल्या वर्षी माझ्या संघातल्या दोन मुली गुडघ्यानं बसल्या आणि मी त्यांना हळद लावा म्हणालो होतो.

ज्वारीभाऊ, साडेसात म्हणजे गोल अटॅकसाठी आपल्याकडं उत्तम, बाहेरच्या हिशेबानं बेताची. बाहेर शूटर आणि कीपर सहा फुटांच्या पुढंच. म्हणून तिला आतापासून सेंटर आणि विंग अटॅक या जागाही खेळू द्या. तिथं उंचीपेक्षा पाय आणि डोकं लागतं. बावनथडीसाहेबांनी सगळ्यांच्या मापाचं उदाहरण मागितलं होतं ना, तर ते यात आहे.

कागदांचं. शालेय स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जातो की नाही ते स्वतः पाहा, लिपिकावर सोडू नका. पुढं शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणता खेळ, कोणता स्तर, कोणता क्रमांक याच्या अटी असतात आणि शासन निर्णय बदलतात. प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर ही पडताळणी कडक झाली, आणि त्यात खरी खेळलेली पोरंही भरडतात. म्हणून सामन्याचं गुणपत्रक, संघाचा फोटो, प्रवेशिकेची झेरॉक्स, सगळं ठेवा.

बारावीनंतर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मनात ठेवा. १९१४ सालची संस्था, शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे. खेळ सुटला तरी खेळातली नोकरी सुटत नाही.

आणि एक तारीख. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे आणि नेटबॉल तिच्यात आहे. २०१० ला दिल्लीत यजमान म्हणून आपला संघ खेळला होता, तसं पुन्हा झालं तर संघ बांधावाच लागेल. तेव्हा पोरगी वीस वर्षांची असेल. बाकी तुम्ही हिशेब करा.

बावनथडी | बुधवार, संध्याकाळी ६.१५

मास्तर, ही एक पायरी मानली. पण एका स्पर्धेवर करिअर होत नाही, आणि संघ बांधणारे तेच असतील जे वर्धेकाठीताईंनी सांगितले. पोरीला बारावी सायन्स करू द्या, हे माझं शेवटचं.

ज्वारीचं_कणीस | रविवार, रात्री ८.३०

उशीर झाला, तूर काढणी चालू होती.

शुक्रवारी यवतमाळला दाखवलं. लिगामेंट शाबूत आहे, वाटीखालच्या नसेला सूज. तीन आठवडे उड्या बंद, व्यायाम सांगितले आहेत, तेच पंधरा मिनिटवाले. फिजिओसाहेब, आभार.

शनिवारी ताईकडं गेलो. आर्वीताईंनी सांगितलेले सगळे सामने पोरीनं शोधून टीव्हीला मोबाइल जोडून लावले. ती मलावीवाली कुमवेंडा पाहून ताई म्हणाली, "इचे पाय पाह्य, वावरात राबलेले दिसते." भाटवे खाटेवर पाठ करून पडले होते. २०१८ चा अंतिम सामना लागला तेव्हा कुशीवर वळले. शेवटच्या मिनिटाला उठून बसले. पोरीला निकाल माहीत होता, तिनं सांगितला नाही. गोल झाल्यावर भाटवे म्हणाले, "फळी नाही मांगं, तरी टाकला ब्वा." बस, तेवढंच बोलले.

सकाळी उठून पाहतो तर विहिरीवरचा जुना अडीच इंची जीआय पाइप अंगणात. मोटार बदलली तेव्हापासून पडून होता. मला म्हणाले, मास्तरले माप इचार. मी विचारलं, सरांनी फोनवर सांगितलं: खांब दहा फूट, रिंग आतून पंधरा इंच, म्हणजे ३८० मिलिमीटर, खांबापासून सहा इंच पुढं. चेंडू मिळेपर्यंत पाच नंबरचा फुटबॉल चालेल, माप जवळपास सारखंच.

गावातल्या वेल्डरनं दुपारपर्यंत रिंग करून दिली. त्यानं मागं एका कॉलेजचं बास्केटबॉलचं काम केलं होतं, त्याच हातानं वळवली. पोरीनं खाली उभ्या उभ्याच खेळून पाहिली, चेंडू दणादण आत. सगळे खूश. भाटव्यांनी कुडाला खोचलेला टेप काढला, रिंगवर धरला, पुन्हा धरला. "अठरा हाये. पंधरा सांगतली होती." वेल्डर म्हणे, राहू द्या ना काका, मोठी असली तं पोरीले सोपं जाईल. भाटवे रिंग घेऊन मोटारसायकलवर त्याच्या मागं गेले. आता पंधराची आली आहे. पोरगी उड्या न मारता जागेवरून टाकते आहे, दहातले चार जातात.

उद्या खांब गाडायचा आहे. सर, तीन फूट खड्डा पुरेल का? जागा गोठ्यामागं, काळी माती.

पीटी_मास्तर | रविवार, रात्री ८.५२

मुरमाड असती तर पुरला असता. काळ्या मातीत चार घ्या, तळाला गिट्टी, वरून सिमेंट. आणि पाइप खड्ड्यात घालायच्या आधी रिंग जोडा, नंतर शिडी शोधत बसाल.

टिनपत्र्याखाली | रविवार, रात्री ९.०४

चारच घ्या भाऊ. पावसाळ्यात खांब खचला तं रिंग खाली येईल, अन् भाची म्हणन माही उंची वाढली.